उपच्छायेचे गणित: संगणकाने मऊ सावली कशी साधली

रायपूर 21.25 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य येथे माध्यान्ही थेट माथ्यावर येतो. त्या वेळी एक मीटर उंच धरलेल्या फळीच्या सावलीची कड पाहावी. ती सुमारे 9 मिलिमीटर रुंदीत हळूहळू फिकी होते. कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. जिथून तिचा काही भागच दिसतो, ती उपच्छाया.

संगणकचित्रणाने प्रारंभी प्रकाशस्रोत बिंदूच मानला. फ्रँक क्रो (1977) व लान्स विल्यम्स (1978) यांच्या पद्धतींतील सावल्या म्हणूनच सुरीने कापल्यासारख्या होत्या. 1984 मध्ये लुकासफिल्मच्या कुक, पोर्टर व कार्पेंटर यांनी स्रोताच्या पृष्ठभागावर यादृच्छिक बिंदू निवडून त्यांकडे किरण सोडले. जितके अडले, तितका अंधार. किंमत मात्र जबर होती: चित्रातील रवाळपणा निम्मा करायचा, तर किरण चौपट लागत.

2005 मध्ये रँडिमा फर्नांडो यांनी जलद चित्रणासाठी तडजोड सुचवली. अडथळा आणि पृष्ठभाग यांतील अंतरावरून, समरूप त्रिकोणांच्या आधारे, कडेची रुंदी अंदाजायची. अचूकता थोडी गेली, वेग मिळाला.

वरचे 9 मिलिमीटर याच त्रिकोणांतून येतात. विद्यार्थ्यांनी फळी दोन मीटरवर धरून रुंदी स्वतः मोजावी. ती दुप्पट भरेल.