गुंठा आणि आर : नवी मुंबईच्या भूमापनातील एक प्रश्न

ठाणे व रायगड (पूर्वीचा कुलाबा) या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसली आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या गावांतील शेते संपादनाखाली आली. या संपादनाच्या इतिहासात मोबदल्याच्या दराइतकेच क्षेत्राच्या मापालाही महत्त्व आहे. कारण जमीन एका मापाने नोंदलेली होती आणि नगर दुसऱ्या मापाने आखले गेले.

जुने माप फुटाचे. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी आरंभिलेली मोजणीची पद्धती पुढे कोकणातही आली. तिची साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या ६६ फुटी इंग्रजी साखळीच्या निम्मी असे. तिचे १६ आणे पाडलेले असत. ३३ फूट लांब व तितकेच रुंद असे १०८९ चौरस फूट क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

१९५६ च्या वजने व मापे अधिनियमाने मीटर हे लांबीचे प्रमाण ठरले. फूट ०.३०४८ मीटरचा असल्यामुळे साखळी १०.०५८४ मीटर भरते. आर हे क्षेत्र दहा मीटर चौरस. साखळीमागे फरक सहा सेंटिमीटरांहूनही कमी. तथापि चौरस केल्यावर गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा होतो. हे सान्निध्य केवळ योगायोगाचे होय. परंतु त्यामुळेच 'गुंठा म्हणजे आर' असे मानण्याचा मोह होतो.

या मोहाची किंमत नवी मुंबईत स्पष्ट होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. पुढे संपादित क्षेत्राच्या १२.५ टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. एका एकराचे क्षेत्र ४०४६.८६ चौरस मीटर. अन्य वजाती बाजूस ठेवल्यास त्यावरील हिस्सा ५०५.८६ चौरस मीटर येतो. चाळीस गुंठे हेच चाळीस आर धरले, तर तो ५०० वर थांबेल. उणे पडणारे क्षेत्र सुमारे ६३ चौरस फूट, म्हणजे सात फूट रुंद व नऊ फूट लांब अशी एक खोली. शेतात ते बांधाच्या कडेला लोपून जाईल. शहरात त्याला भाव आहे.

म्हणून संपादनाची कागदपत्रे अभ्यासताना मूळ नोंद एकर-गुंठ्यांतच उतरून घ्यावी, रूपांतर अखेरीस करावे व कोणत्या गुणकाने केले तेही नमूद करावे.