वांग्यावरचा विषाणू

जिवाणूंनाही विषाणूंचा संसर्ग होतो, हे तुम्हाला माहीत आहे का? या विषाणूंना ‘फेज’ म्हणतात. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने एका फेजचा संपूर्ण डीएनए वाचला. पुढे अमेरिकेत ग्रॅहम हॅटफुल यांनी विद्यार्थ्यांनी शोधलेल्या शेकडो फेजचे जनुकसंच एकमेकांशी ताडून पाहिले. कोणता फेज जिवाणूला मारतो आणि कोणता आत दडून राहतो, हे जनुकांवरून ओळखता येते. दडवणारे जनुक काढूनही टाकता येते.

लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीला क्षयजंतूच्या भाऊबंदाने ग्रासले होते, औषधे लागू पडत नव्हती. तिला तीन फेज दिले. दोघांचे ते जनुक काढलेले होते. तिसरा, मुळातच मारक, सडक्या वांग्यावर सापडलेला! तिची प्रकृती सुधारली, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा उपचार अजून प्रायोगिक आहे. तोवर हाताशी असलेली प्रतिजैविके जपून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.