टाकळीचे शंख आणि बागेतली गोगलगाय

वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून बेरकी असलेल्या माणसाला आपण ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणतो. या म्हणीला प्राणिशास्त्राचा आधार आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1795 साली या प्राण्यांच्या वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ हे नाव दिले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘पोट हाच ज्यांचा पाय’ असाच आहे. क्यूव्हिएला मराठी येत नव्हते आणि आमच्या आज्यांना ग्रीक. पण दोघांनी तो प्राणी नीट पाहिला होता, एवढे खरे.

आपणही तो पाहावा. नागपुरात मृगाच्या सरी पडून गेल्या, की कुंडी उचलताच तळाशी एक काळपट, चामड्यासारखी, बोटाएवढी वस्तू चिकटलेली सापडते. पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ असते. हीच बिनशंखाची गोगलगाय. तिला एका काचेच्या तुकड्यावर ठेवावे आणि काच उचलून खालून पाहावे. पोटाखालच्या अरुंद पट्टीवर शेपटीकडून डोक्याकडे लहरी धावताना दिसतात. स्नायूंच्या या लहरींवरच ती पुढे सरकते. वाट ओलसर राहावी म्हणून स्वतःच्या अंगातला चिकट द्रव ती पुढे पसरते. सकाळी फरशीवर दिसणारी चकाकती रेघ ती हीच. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीच्या टोकाला डोळे, आणि खालची जोडी वास व चव घेण्यासाठी. तोंडात सूक्ष्म दातांची एक फीत असते आणि कानशीने लाकूड घासावे तशी ती पान खरवडते. नर आणि मादी असा भेद तिच्यात नाही. प्रत्येकीच्या ठायी दोन्ही अवयव असतात. ती रात्रीच का बाहेर पडते, हेही सोपे आहे. अंग उघडे, पाणी भराभर उडून जाणारे. ऊन तिला सोसत नाही. मीठ टाकल्यावर ती विरघळते असे आपण म्हणतो. वास्तविक मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. मुलांना हा खेळ वाटतो; तो करू देऊ नये.

शंख नसल्यामुळे हिचा अवशेष दगडात सहसा राहत नाही. तिच्या शंखवाल्या भाऊबंदांचे तसे नाही, आणि त्यांच्या इतिहासाचे एक जुने दफ्तर आपल्या नागपुरातच सापडले आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आले. गादीवर तेव्हा भोसले होते. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण सारे ओळखतो, तेच हे हिस्लॉप. शाळा चालवीत असताना ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर भोवतालच्या टेकड्या धुंडाळीत. सीताबर्डीच्या टेकडीत काळ्या खडकांच्या थरांमधला मातकट थर त्यांनी तपासला आणि टाकळीला तर त्यांना जीवाश्मांची खाणच लागली. लाव्ह्याच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात तळी साचली होती. त्या तळ्यांतल्या गोगलगाईंचे शंख चिखलात रुतून दगड झाले. आजच्या गणनेने ही गोष्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. हंटर आणि हिस्लॉप यांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सभेच्या नियतकालिकात 1855 साली आला. 1860 साली हिस्लॉपने शंखांची स्वतंत्र वर्णने दिली आणि त्यांत ‘टाकळीएन्सिस’, ‘तेलंखेडीएन्सिस’ अशी नावे ठेवली. आज शहरात विरून गेलेली टाकळी लॅटिनमध्ये अशी सुखरूप आहे.

या थरांतला सर्वांत ओळखीचा शंख ‘फायसा प्रिन्सेपी’. त्याचा पीळ नेहमीच्या शंखांहून उलटा असतो. देवघरातल्या ज्या दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, त्याचा पीळही याच जातीचा. शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरून पाहतात, आपण खाली धरतो, म्हणून ते डावा म्हणतात आणि आपण उजवा. जो पीळ समुद्रात लाखांत एखादा, तो टाकळीच्या दगडात जागोजाग!

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. घोडा तेवढा परत आला. त्यांचे आदिवासींविषयीचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापून घेतले म्हणून वाचले.

याच सुमारास बंगालमध्ये शंखांचा दुसरा एक शौकीन होता. कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी विल्यम बेन्सन. त्याने 1847 साली मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगाई कलकत्त्यास आणल्या. मूळच्या त्या पूर्व आफ्रिकेच्या, मुठीएवढ्या शंखाच्या. कलकत्ता सोडताना त्याने त्या शेजाऱ्याला दिल्या आणि शेजाऱ्याने त्या चौरंगीच्या बागेत सोडल्या. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते. पण ही जात एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते आणि उन्हाळा शंखाचे दार बंद करून जमिनीत काढते. पुढे रोपांबरोबर, कुंडीतल्या मातीबरोबर, मालगाड्यांबरोबर ती देशभर गेली. आपल्या कुंडीखालच्या त्या काळ्या गोगलगाईचे मूळ घरही आफ्रिकाच मानतात.

2022 च्या जुलैत लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत या शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचे पैसे एकदा गेलेले, ते पुन्हा उभे करायचे. आणि पाऊस तर पुढे निघून चाललेला. तेव्हा कृषिखात्याने सांगितलेला उपाय अगदी घरगुती होता. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरायची, रात्री त्यांखाली गोगलगाई जमतात, आणि सकाळी ऊन चढण्याआधी हातमोजे घालून त्या एकेक वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. एका शेतात हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावर गोणपाट नसेल, तर दुसऱ्या रात्री त्या पुन्हा हजर. म्हणून ते काम गावाने मिळून, पहिल्या पावसापासूनच धरावे लागते.