मुक्काम आणि मोकळीक

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चिपळूण मागें टाकलें म्हणजे थोड्याच अंतरावर सावर्डें हें बाजारपेठेचें गांव लागतें. तेथून जवळच डेरवण येथें शिवछत्रपतींचें चरित्र शिल्परूपानें उभें केलेलें आहे, आणि तें पाहावयास सहलीच्या गाड्या नेहमीं येत असतात. गाडी थांबते न थांबते तोंच व्यवस्थापक दाराशीं उभा राहून बजावतो, ‘‘पाऊण तासांत सर्वांनीं परत यावें, पुढें गणपतिपुळें गांठावयाचें आहे.’’ एखाद्या शिल्पापुढें नातवाला प्रसंग समजावून सांगणारे आजोबा ऐन रंगांत आलेले असतात, इतक्यांत हांक येते आणि गोष्ट तशीच तुटते. उलट, कोणी एक गृहस्थ आमसुलें घेण्यासाठीं बाजाराकडे वळतात आणि त्यांच्यापायीं चाळीस माणसें उन्हांत तिष्ठत बसतात. आजोबांची तक्रार खरी असते आणि त्या चाळीस जणांचीही खरी असते. समूहानें प्रवासास निघालेल्या माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा किती आणि समूहाचा किती, हा प्रश्न मोटारगाडीहून फार जुना आहे.

यूरोपांत ह्या प्रश्नाला आधुनिक रूप आलें तें टॉमस कुक ह्या इंग्रज गृहस्थामुळें. ता. ५ जुलै १८४१ रोजीं त्यानें मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं सुमारें ५०० माणसें लेस्टरहून लफबरो येथें आगगाडीनें नेलीं. भाडें माणशीं एक शिलिंग. पुढें १८७२ मध्यें निघून त्यानें एका मंडळीला २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडविली, आणि त्या वाटेवर हिंदुस्थानही होता. तिकीट, खाणावळ, वाटाड्या ह्यांची काळजी मिटल्यामुळें, एरवीं ज्यांना घराबाहेर पडण्याचें धैर्य झालें नसतें अशा मध्यमवर्गीय स्त्रीपुरुषांनीं आल्प्स पर्वत पाहिला. ह्या उपकाराची किंमत त्यांना आपल्या वेळेच्या रूपानें द्यावी लागली. १८६५ सालीं चार्ल्स लीव्हर ह्या आयरिश कादंबरीकारानें कुकच्या प्रवाशांना हांकल्या जाणाऱ्या कळपाची उपमा दिली. तींत सधनांचा नाकमुरडेपणा बराच होता. तथापि ती सर्वस्वीं खोटी होती असेंही म्हणतां येत नाहीं.

परंतु श्रोतेहो, कुकची आगगाडी निघण्यापूर्वींच महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचें एक उत्तर पायीं चालूं लागलें होतें. तुकोबांचे पुत्र नारायणबोवा ह्यांनीं इ. स. १६८५ मध्यें पालखीसोहळा सुरू केला असें मानितात. ज्ञानदेव व तुकाराम ह्या दोघांच्याही पादुका त्या काळीं एकत्र जात. एकोणिसाव्या शतकाच्या चवथ्या दशकाच्या आरंभीं ज्ञानेश्वरांची पालखी स्वतंत्र निघूं लागली. ती काढणारे हैबतबाबा आरफळकर हे सातारा प्रांतांतील आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. बेळगांवकडील अंकलीच्या शितोळे सरकारांनीं त्यांना घोडे व तंबू पुरविले. लष्कराची कूच आणि लष्कराचा तळ ज्यानें जन्मभर पाहिला, त्या पुरुषाच्या हातून ह्या सोहळ्याची घडी बसली, हें सोहळ्याकडे पाहतांच ध्यानांत येतें. आळंदीस महाद्वारापाशीं हैबतबाबांची पायरी आजही पूजिली जाते.

घडी अशी आहे. पालखीच्या रथापुढें २७ दिंड्या, मागें शेंकडों. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीला वीणेकरी, टाळकरी, पखवाजी आणि डोईवर तुळस घेतलेली स्त्री. पहाटे पादुकांची पूजा झाली कीं तळावर कर्णा फुंकतात. पहिल्या कर्ण्याला तंबूच्या दोऱ्या सुटतात आणि बोचकीं बांधलीं जातात; दुसऱ्याला दिंड्या आपापल्या जागीं उभ्या राहतात; तिसऱ्याला पालखी हालते. मग ती कोणासाठीं खोळंबत नाहीं. विशेष हें कीं मागें राहिलेल्याला कोणी बोलही लावीत नाहीं. वाट ठाऊक, रात्रीचा मुक्काम ठाऊक, दिंडीचा क्रमांक ठाऊक. मग पाय दुखणाऱ्या म्हातारीनें बाभळीखालीं घटकाभर टेकलें तर बिघडलें काय? ती दिवेलागणीपर्यंत आपल्या दिंडीच्या राहुटीशीं पोंचते. कोणत्याच दिंडींत नसलेल्या वारकऱ्यांना तर ‘मोकळा समाज’ असेंच नांव आहे. सहलीच्या गाडींत हरवण्याची जी धास्ती असते तिचें कारण एवढेंच कीं पुढचा मुक्काम एकट्या व्यवस्थापकाच्या खिशांतील कागदावर असतो.

दिवसांची आंखणीही एकसारखी नाहीं. पुण्यांत पालखी दोन रात्री राहते. मधला दिवस वारकऱ्याचा स्वतःचा. कोणी कपडे धुतो, कोणी पायांना तेल चोळून घेतो, कोणी शहर पाहावयास निघतो. त्यानंतर दिवेघाट चढून सासवडची मजल. वारींतील सर्वांत लांब आणि अवघड चाल म्हणून ती ओळखली जाते. सासवडला पुन्हां विश्रांति. तेथून जेजुरीची चाल तिच्याहून पुष्कळ लहान, म्हणून विठ्ठलाचे वारकरी खंडोबाचा गड चढून भंडारा लावून येऊं शकतात. तसें करा म्हणून कोणी सांगत नाहीं. करूं नका म्हणूनही कोणी सांगत नाहीं. पुढें नीरा नदींत पादुकांना स्नान घडतें आणि मग रिंगणांचे दिवस येतात. मोकळ्या मैदानांत अश्व धांवतो, आणि तो धांवून गेला कीं टाळ कमरेला खोंचून माणसें फुगडी घालूं लागतात, हुतूतू खेळूं लागतात. साठ वर्षांचा गृहस्थ भर मैदानांत उड्या मारतो आणि त्याचें कोणाला हसूं येत नाहीं. खेळालासुद्धां जागा नेमून ठेवली, पण खेळावयाचें कसें तें नेमलें नाहीं, ही त्या आंखणींतील मोठी खुबी वाटते.

मात्र इतक्या लोकांचा मेळ नुसत्या मोकळिकीवर टिकणार कसा? त्यासाठीं समाजआरती आहे. मुक्कामावर पोंचल्यावर दिंड्या पालखीभोंवतीं जमतात. टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतो आणि क्षणांत सर्वत्र शांतता पसरते. एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, जागा मिळाली नाहीं, कोणी क्रम मोडला, कोणाचा अपमान झाला, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाहीं. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणें सर्वांसमक्ष मांडलें जातें आणि त्याचा निकाल होतो. सांपडलेल्या वस्तु पुकारल्या जातात. दुसऱ्या दिवशीं निघण्याची वेळ सांगितली जाते, आरती होते आणि मंडळी पांगतात. गाऱ्हाण्याला नेमलेली घटका असल्यामुळें दिवसभर कुरकुर करण्याचें प्रयोजन उरत नाहीं. कोणत्याही यात्रा कंपनीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेंत ही घटका सहसा आढळणार नाहीं.

वारीची ही व्यवस्था निर्दोष होती असें मात्र नव्हे. इरावती कर्वे ह्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनीं पाहिलें तें असें कीं, अभंग सर्व एकच गात, परंतु दिंड्या जातवार चालत आणि जेवणाच्या पंक्ति निराळ्या बसत. त्या स्वतः ह्या घोळक्यांतून त्या घोळक्यांत जात राहिल्या आणि त्या वेगळेपणानें कष्टी झाल्या. नेमलेल्या कार्यक्रमानें जें एकत्र आणलें तें मोकळ्या वेळेनें पुन्हां विभागलें, असा तो प्रकार होता. मोकळ्या वेळीं माणूस आपल्या संवयींकडे परततो, आणि सगळ्याच संवयी चांगल्या नसतात.

नुसता कार्यक्रम उरला आणि बाकीचें सर्व गळलें तर काय होतें तेंही अलीकडे पाहावयास मिळालें. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षीं करोनाच्या सांथीमुळें पायीं वारी झाली नाहीं. मोजक्या माणसांसह पादुका एस. टी.च्या गाडीनें पंढरपुरास नेण्यांत आल्या. एकादशी साधली, पूजा झाली, एकही उपचार चुकला नाहीं. पण दिवेघाट रिता राहिला आणि ज्या शेतांत रिंगण व्हावयाचें तेथें गवत माजलें. वारकरी घरीं बसून हळहळला तो त्या वाटेसाठीं.

सावर्ड्याच्या बाजूचा शेतकरी आषाढींत बहुधा नसतोच. आषाढ म्हणजे कोंकणांत भातलावणीचे दिवस. गुडघाभर चिखलांत उभा असलेला माणूस तीन आठवडे घर सोडणार कसा? म्हणून कोंकणाचा ओढा कार्तिकीकडे. भातें घरांत आलीं, अंगण झाडून झालें कीं मंडळी निघतात. पूर्वीं घांट पायीं चढत. आतां चिपळुणावरून कुंभार्ली घांटानें कऱ्हाड आणि तेथून पंढरपूर असा प्रवास गाडीनें होतो. तीन आठवड्यांचें काम दोनतीन दिवसांत बसवावयाचें, तेव्हां वेळेची ओढाताण आलीच. दर्शनाच्या बारींतच कित्येक तास जातात. तरीसुद्धां अनेक जाणते म्हातारे गाडींतून उतरतांच दोनच गोष्टी सर्वांकडून वदवून घेतात: रात्रीं मुक्काम कोणत्या मठांत आणि परतीची गाडी कोठून व किती वाजतां. मग कोणी चंद्रभागेवर जातो, कोणी वाळवंटांतल्या कीर्तनाला बसतो, कोणी सुनेसाठीं कुंकू आणि नातवंडांसाठीं चुरमुरे-बत्तासे बांधून घेतो. कोणी कोणाला शोधीत फिरत नाहीं. ठरल्या वेळीं गाडीशीं माणसें मोजतात तेव्हां एखादें कमी भरतें, आणि तें बहुतेक तुळशीच्या माळेची घासाघीस करीत जवळच्याच दुकानाशीं उभें असतें.