घटस्फोटानंतरची पोटगी आणि मालमत्ता : न्यायालये निर्णय कसा देतात?

घटस्फोट झाला की पतीच्या मालमत्तेचा निम्मा हिस्सा पत्नीला आपोआप मिळतो, असा समज अनेकांच्या मनात असतो. गोव्यासारखा अपवाद वगळता भारतीय कायद्यात अशी तरतूद नाही. पोटगी आणि मालमत्ता हे दोन स्वतंत्र प्रश्न असून त्यांचे निकषही वेगळे आहेत.

पोटगीचे मार्ग

हिंदू, बौद्ध, जैन व शीख दांपत्यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. त्याच्या कलम २४ नुसार दावा प्रलंबित असताना अंतरिम पोटगी, तर कलम २५ नुसार कायमस्वरूपी पोटगी मागता येते. हा हक्क पती व पत्नी दोघांनाही आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये मात्र तो केवळ पत्नीला आहे. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी कोणत्याही धर्माची पत्नी अर्ज करू शकते. पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचाही त्यात समावेश होतो. घटस्फोटित मुस्लिम महिलांनाही हा मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले.

रक्कम कशी ठरते?

पोटगीचे ठरावीक सूत्र कायद्यात नाही. पतीच्या निव्वळ वेतनाच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटले होते. तथापि तो सरसकट नियम नव्हे. दोघांचे उत्पन्न व मालमत्ता, विवाहकाळातील राहणीमान, वय, शिक्षण, विवाहाचा कालावधी, मुलांची जबाबदारी आणि संसारासाठी सोडलेली नोकरी या बाबी न्यायालय विचारात घेते. पत्नी सुशिक्षित आहे किंवा कमावण्यास सक्षम आहे, एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही.

या संदर्भात न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निकाल मार्गदर्शक मानला जातो. त्यानुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र सादर करणे आवश्यक आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरते. एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज केल्यास आधी मंजूर झालेल्या रकमेची माहिती द्यावी लागते व तिचे समायोजन होते.

घर कोणाचे?

मालमत्तेबाबत मुख्य निकष मालकीचा आहे. पतीच्या एकट्याच्या नावावरील सदनिकेत पत्नीने वीस वर्षे घरकाम केले, तरी केवळ त्या आधारे तिला मालकीहक्क मिळत नाही. कलम २७ खाली न्यायालय विवाहसमयी मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंबाबत आदेश देऊ शकते. संयुक्त नावावरील घराच्या वादात खरेदीखत, कर्जाचे हप्ते आणि बँकेचे व्यवहार हे पुरावे निर्णायक ठरतात.

स्त्रीधनावर मात्र पत्नीचा पूर्ण हक्क असतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ नुसार पीडित पत्नीला सामायिक घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. परंतु तो निवासाचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

गोव्यात स्थिती वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारित कौटुंबिक कायदा लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि तिच्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो.

आदेशानंतर

परिस्थिती बदलल्यास पोटगीची रक्कम वाढवून, कमी करून किंवा रद्द करून मागता येते. कलम १४४ खालील पोटगी थकल्यास न्यायालय जप्तीचा व कारावासाचा आदेश देऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत अनेकींच्या लक्षात राहत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.