शिवडीचं सोडियम, समुद्राचं स्ट्रॉन्शियम

तापलेला लाव्हा पाण्यात शिरला की त्याचे उशीसारखे गोळे होतात. वरची साल क्षणात काचेसारखी गोठते, आतला भाग सावकाश थिजतो. मुंबईच्या पूर्वेकडे, शिवडी-वडाळ्यापासून अँटॉप हिलपर्यंतच्या टेकड्यांत भूवैज्ञानिकांना अशा उशी-लाव्ह्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे पाणी होतं, एवढं पक्कं. ते गोडं होतं की खारं, हे गोळ्याच्या आकारावरून सांगता येत नाही. तळ्यातही तो तसाच होतो. खडकाचं रसायन वाचून जुन्या समुद्राचा माग काढण्याच्या रीतीचं मुंबईतलं मूळ या प्रश्नात आहे.

यांतल्या काही खडकांत सोडियम भरपूर निघालं. दख्खनच्या साध्या बेसॉल्टमध्ये सोडियम ऑक्साइड दोन-अडीच टक्के असतं. स्पिलाइट नावाच्या त्याच्या भाऊबंदात ते चार-पाच टक्क्यांपर्यंत जातं आणि कॅल्शियमवाल्या फेल्डस्पारची जागा अल्बाइट हा सोडियमवाला फेल्डस्पार घेतो. ड्यूई आणि फ्लेट या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी 1911 साली अशा खडकांची सांगड खचत जाणाऱ्या समुद्रतळाशी घातली होती. सोडियम दिसलं की समुद्र समजावा, हा तर्क तेव्हापासून रुळला.

मुंबईत त्याला वरळीचे बेडूक आडवे आले. वरळी आणि मलबार हिलच्या बेसॉल्टखाली गाळाचा थर आहे. त्यातल्या इवल्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली केलं. आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. कंपनी सरकारचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर 1852 साली विस्तृत निबंध लिहिला. गाळाच्या याच थरात कासव सापडलं, सायप्रिस नावाचे गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीवही सापडले. शिवडीकडचे लाव्हे या थराच्या खालचे, म्हणजे आधीचे. पण एकाच मालिकेत खाली समुद्र आणि वर तळं मानायचं, तर पुरावा भक्कम हवा.

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले आर. एन. सुखेश्वाला यांनी या खडकांवर अनेक वर्षं काम केलं. कोलंबिया विद्यापीठातल्या आरी पोल्डरव्हार्ट यांच्यासह त्यांचा मुंबई परिसरातल्या बेसॉल्टवरचा निबंध 1958 साली आला. साध्या बेसॉल्टपासून स्पिलाइटपर्यंत पायरीपायरीने कसं जाता येतं, हे सुखेश्वाला यांनी 1974 साली मुंबईच्याच नमुन्यांवरून मांडलं. मला हे फार मोलाचं वाटतं. मधल्या पायऱ्या सापडतात, तिथे खडक मागाहून बदलल्याची शक्यता दिसते, आणि भेगांतून फिरणारं गरम पाणीही सोडियम आणून सोडू शकतं. मग नुसतं सोडियम पाहून समुद्र म्हणता येत नाही.

समुद्राची जास्त भरवशाची खूण स्ट्रॉन्शियममध्ये सापडली. त्याचं 87 हे समस्थानिक रुबिडियमच्या क्षयातून वाढतं, 86 वाढत नाही. जुन्या ग्रॅनाइटवरून येणाऱ्या नद्या समुद्रातलं 87 आणि 86 यांचं गुणोत्तर चढवतात, समुद्रतळावरचा ताजा बेसॉल्ट ते उतरवतो. स्वीडनचे विकमन यांनी 1948 साली सुचवलं की हे गुणोत्तर काळाबरोबर वाढत गेलं असणार, तेव्हा त्यावरून चुनखडकाचं वय काढता येईल. बर्क आणि सहकाऱ्यांनी 1982 साली 700हून अधिक नमुन्यांचा आलेख छापला तेव्हा तो सारखा चढता-उतरता निघाला, आणि त्यामुळेच जास्त उपयोगी ठरला.

स्ट्रॉन्शियम समुद्रात लाखो वर्षं राहतं आणि महासागराचं पाणी हजार-दोन हजार वर्षांत ढवळून निघतं. म्हणून गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात आणि पेरूच्या किनाऱ्यावर या गुणोत्तराचा आकडा एकच: 0.7092. नदीच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम समुद्राच्या शंभराव्या हिश्श्याइतकं, त्यामुळे थोड्याथोडक्या गोड्या पाण्याने हा आकडा हलत नाही. एखाद्या समुद्रात तो हलला, तर महासागराची वाट जवळजवळ बंद झाली असं समजावं. भूमध्य समुद्राचं तसंच झालं. 59.7 ते 53.3 लाख वर्षांपूर्वी अटलांटिकची वाट अडली आणि जिप्समचे जाड थर साचले. त्यांतल्या वरच्या थरांतला आकडा महासागराच्या बराच खाली उतरलेला आहे.

हे गुणोत्तर मोजायला चुनखडकाची किंवा कवचाची चिमूटभर भुकटी पुरते. ती सौम्य आम्लात, आतली माती विरघळणार नाही अशा बेताने विरघळवतात, राळेच्या नळीतून स्ट्रॉन्शियम वेगळं करतात आणि यंत्रात धातूच्या तारेवर तापवतात. निकाल चौथ्या-पाचव्या दशांशावर ठरतो.

मुंबईच्या लाव्ह्यावर ही रीत तशीच लावण्यात अडचण आहे. त्या काळच्या समुद्राचा आकडा 0.7078च्या आसपास, आणि दख्खनच्या लाव्ह्यांचे स्वतःचे आकडे 0.704पासून 0.715च्याही वर पसरलेले. समुद्राचा आकडा त्यांच्यातच मिसळून जातो. त्यापेक्षा गाळातल्या सायप्रिसची कवचं घ्यावीत. ती चुन्याची असतात आणि ज्या पाण्यात वाढली त्याचं स्ट्रॉन्शियम त्यांनी जिवंतपणीच उचललेलं असतं. वरच्या लाव्ह्याच्या धगीने न बिघडलेलं कवच मिळालं, तर वरळीच्या पाण्याला समुद्राचं तोंड होतं का, हे त्यालाच विचारावं.