विजेच्या कारागिराची उमेदवारी

इतिहासाच्या पुस्तकांतून राज्ये, लढाया आणि तह यांची माहिती आपल्याला भरपूर मिळते. परंतु माणूस पोटाचा धंदा कसा शिकला, तो त्याला कोणी शिकवला आणि कोणत्या अटींवर शिकवला, हा भाग बहुधा उपेक्षितच राहतो. आपल्याकडे सुताराच्या मुलाच्या हाती लहानपणीच रंधा येई, सोनाराचा मुलगा बागेसरीपुढे बसून मोठा होई, तांबटाच्या पोराच्या कानावर हातोडीचा ठेका पडतच असे. विद्या बापाकडून मुलाकडे घरातल्या घरात जाई. युरोपातही गावोगावच्या कारागिरांच्या श्रेणींमधून उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करण्याचा प्रघात होता. परंतु एखादा धंदाच मुळी नवा असेल, बापाने किंवा आजाने तो कधी केलेलाच नसेल, तर तो कोणी कोणाला शिकवावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेच्या कामापुढे हाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील कामगारांनी त्याला जे उत्तर दिले त्याची हकीकत आज पाहावयाची आहे. त्या उत्तरात मोठे शहाणपण होते, तसा एक मोठा अन्यायही होता; दोन्ही समजून घेतली पाहिजेत.

तारा ओढणारा माणूस अमेरिकेत १८४४ पासून, म्हणजे तारायंत्र सुरू झाल्यापासून होता. पण तारायंत्रातील वीज क्षीण. तिला हात लागला तरी सहसा जिवावर बेतत नसे. पुढे मोठ्या शहरांतील रस्त्यांवर कमानी ज्योतीचे प्रखर दिवे आले आणि त्यांच्यासाठी हजारो व्होल्टांचा दाब तारांतून वाहू लागला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू केले आणि घराघरांत, कचेऱ्यांत दिवे जाऊ लागले. रस्त्याकडेच्या खांबांवर तारायंत्राच्या, टेलिफोनच्या आणि दिव्यांच्या तारा एकमेकींना खेटून लटकू लागल्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या या तारांवर कोणा एकाची देखरेख नव्हती.

त्याचा परिणाम ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कने भर दिवसा पाहिला. जॉन फीक्स नावाचा तारायंत्राचा एक लाइनमन खांबावर चढून काम करीत असता विजेचा धक्का बसून तारांच्या जाळ्यातच मरण पावला आणि खाली जमलेली गर्दी हताशपणे पाहत राहिली. तो ज्या तारांवर काम करीत होता त्या निरुपद्रवी समजल्या जात. परंतु दुसरीकडे कोठे तरी दिव्यांच्या तारेशी त्यांचा संबंध आलेला होता. या धंद्याचे मर्म या एका घटनेत आहे. सुताराची चूक त्याच्या स्वतःच्या बोटाला भोवते. वीजकामात एकाने केलेली चूक मैलभर दूर असलेल्या दुसऱ्याचा प्राण घेऊ शकते. म्हणून शेजारचा माणूस काय शिकला आहे, हा येथे प्रत्येकाच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो.

त्या काळी हे काम शिकवण्याची पद्धत म्हणजे पद्धतीचा अभावच होता. मजबूत हातापायांचा एखादा तरुण मदतनीस म्हणून घ्यावा, त्याला खांबाखाली उभे करावे, दोरीने अवजारे वर पोचवायला सांगावे आणि वरचा माणूस पडला की त्याला वर चढवावे, असा तो प्रकार असे. दिवसाचे बारा तास काम आणि मजुरी सुमारे दोन डॉलर. विमा कंपन्या अशा माणसांना दारात उभे करीत नसत. काही भागांत दोन लाइनमनांपैकी एक कामावर दगावत असे, असे त्यांच्या संघाने स्वतःच्या इतिहासात नमूद केले आहे.

१८९० साली मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरी एक मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या रोषणाईसाठी ठिकठिकाणचे वायरमन आणि लाइनमन तेथे गोळा झाले. दिवसभर काम करून संध्याकाळी खाणावळीत एकत्र बसले की गावोगावची रडगाणी निघत, आणि सर्वांची कहाणी सारखीच असल्याचे त्यांच्या ध्यानी येई. त्यातून एक छोटी संघटना जन्मली. तिचा पुढारी हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन. अवजारांची पिशवी घेऊन हा गृहस्थ मालगाड्यांतून गावोगाव हिंडला. जेथे जाई तेथे खांबांवर काम करी आणि सोबत्यांना संघटित करी. २१ नोव्हेंबर १८९१ रोजी सेंट लुईस येथे एका नाचघराच्या माडीवरील खोलीत दहा प्रतिनिधी जमले. त्यांच्यामागे सभासद होते अवघे २८६. तेथे वीज कामगारांच्या राष्ट्रीय बंधुसंघाची स्थापना झाली. कॅनडातील कामगारही त्यात आल्यावर १८९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला. याच सुमारास, १८९० साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हे येथे आठवण्यासारखे आहे. मिलर पुढे १८९६ साली वॉशिंग्टन शहरात खांबावर काम करीत असता धक्का बसून खाली पडला आणि मरण पावला. ज्या संकटाविरुद्ध त्याने संघ उभारला त्यानेच त्याचा बळी घेतला.

या संघाने प्रारंभापासून उमेदवारीच्या प्रश्नात लक्ष घातले. त्यामागे दोन हेतू होते. पहिला सुरक्षिततेचा : अर्धवट शिकलेला माणूस सोबतीला नको. दुसरा मजुरीचा : कोणीही उठून स्वतःला कारागीर म्हणवू लागला तर कारागिराची मजुरी हमालाइतकी उतरणार. हे दोन हेतू एकमेकांत इतके गुंतलेले होते की कोठे पहिला संपतो आणि कोठे दुसरा सुरू होतो हे सांगणे कठीण. या धंद्याच्या पुढील इतिहासातील बरेवाईट सारे या गुंत्यातूनच निघाले आहे.

मालकांनाही हळूहळू एक गोष्ट पटू लागली. आग लागली, इमारत जळाली, तर ठेका घेणाऱ्याचेही नाव बुडते. १८९७ साली वीजजोडणीचे राष्ट्रीय नियम प्रसिद्ध झाले. १९०१ साली विद्युत् ठेकेदारांनी आपली राष्ट्रीय संस्था काढली. १९२० पासून दोन्ही पक्षांच्या सारख्याच प्रतिनिधींचे एक मंडळ त्यांचे तंटे एकमताने सोडवू लागले. १९३७ साली अमेरिकन सरकारने उमेदवारीसंबंधी राष्ट्रीय कायदा केला. त्याच्या आधाराने १९४१ मध्ये संघ आणि ठेकेदार यांनी वीजकामाच्या उमेदवारीचे राष्ट्रीय निकष ठरवले आणि १९४७ मध्ये त्यासाठी कायमची संयुक्त समिती नेमली. मजुरीवरून जे एकमेकांशी भांडतात ते शिक्षणाच्या बाबतीत मात्र एका टेबलाभोवती सारख्या संख्येने बसतात, अशी ही व्यवस्था. ती आजही चालू आहे.

या व्यवस्थेत तरुणाचा प्रवेश कसा होतो ते थोडे तपशिलाने पाहू. अठरा वर्षांचा, शालेय शिक्षण पुरे केलेला तरुण आपल्या भागातील संयुक्त समितीकडे अर्ज करतो. त्याने शाळेत वर्षभर तरी बीजगणित शिकलेले असावे लागते. प्रवेशपरीक्षा असते तीही बीजगणिताची आणि वाचून अर्थ समजण्याची. पुष्कळांना याचे नवल वाटते. परंतु तारेची जाडी, दाब आणि प्रवाह यांचे गणित ज्याला येत नाही आणि नियमाचे पुस्तक ज्याला उलगडत नाही, त्याच्या हाती घराचे वायरिंग कसे सोपवावे? यानंतर मुलाखत होते. तिच्यात मालकांचे आणि कामगारांचे असे दोन्ही प्रतिनिधी बसतात. गुणानुक्रमे यादी लागते आणि काम निघेल तसे यादीतून बोलावणे येते. कित्येकांना त्यासाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागते.

इमारतीतील वायरमनाची उमेदवारी साधारण पाच वर्षांची. या काळात प्रत्यक्ष कामाचे सुमारे आठ हजार तास आणि वर्गातील शिक्षणाचे काही शे तास भरावे लागतात. पहिल्या वर्षी सामान वाहणे, नळ्या कापणे, वाकवणे, त्यांतून तारा ओढणे. पुढे दिव्यांच्या जोडण्या, स्विचबोर्ड, मोटारी आणि त्यांची नियंत्रणे. एका कसबी कारागिरामागे किती उमेदवार असावेत याचे प्रमाण ठरलेले असते, म्हणजे उमेदवार एकटा पडत नाही आणि स्वस्त मजूर म्हणून त्याला राबवताही येत नाही. त्याला वेतन पहिल्या दिवसापासून मिळते. प्रारंभी ते कसबी कारागिराच्या मजुरीच्या निम्म्याच्या आसपास असते आणि एकेक टप्पा पार होईल तसे वाढत जाते. शिक्षणाचा खर्च बव्हंशी कामाच्या प्रत्येक तासामागे ठेकेदारांनी भरलेल्या निधीतून होतो. पाच वर्षांनी तरुण बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सहसा फीचे कर्ज नसते.

या शिक्षणातील एक धडा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. तारेला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला प्रत्येकाने आपले स्वतःचे कुलूप लावावयाचे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावयाची. मग तपासणीचे यंत्र आधी चालू असलेल्या तारेवर लावून ते ठीक असल्याची खात्री करावयाची. त्यानंतर ज्या तारेवर काम करावयाचे ती तपासावयाची, आणि पुन्हा एकदा चालू तारेवर लावून यंत्र मध्येच बिघडले नाही ना हे पाहावयाचे. ‘तार बंद आहे’ या कोणाच्याही शब्दावर विसंबावयाचे नाही. १८८९ सालच्या त्या खांबावर ज्या खबरदारीचा अभाव होता, तीच येथे सवय म्हणून हाडीमाशी भिनवली जाते.

येथवर या व्यवस्थेची उजळ बाजू झाली. पण दाराला कुलूप घालण्याची सवय एकदा लागली की ते कोणाकोणासाठी बंद ठेवावयाचे हा मोह सुटत नाही. कित्येक शाखांतून उमेदवारीच्या जागा सभासदांच्या मुलांना, पुतण्यांना, मेव्हण्यांना मिळत. ज्या धंद्याला बापजाद्यांची परंपरा नव्हती त्याने दोन पिढ्यांत आपली नवी परंपरा निर्माण केली. त्यात सर्वांत अधिक भरडले गेले ते कृष्णवर्णीय तरुण. लुईस लॅटिमर या कृष्णवर्णीय संशोधकाने दिव्याच्या कार्बनी तंतूच्या निर्मितीत सुधारणा करून १८८२ मध्ये तिचे पेटंट मिळवले होते. एडिसनच्या दीपपद्धतीवर १८९० साली त्याने एक ग्रंथही लिहिला. ज्याच्या जातभाईने या विद्येवर पुस्तक लिहिले त्याला ती विद्या शिकण्यास मात्र अनेक शहरांत सत्तर वर्षे मज्जाव होता.

हे दार उघडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न न्यूयॉर्कच्या शाखा क्रमांक ३ मध्ये झाला. तिचा नेता हॅरी व्हॅन आर्सडेल. जानेवारी १९६२ मध्ये संप करून या शाखेने आठवड्याला पंचवीस तासांचे काम मिळवले. कामाचे तास कमी झाल्याने अधिक माणसांना वाव झाला, आणि शाखेने हजाराहून अधिक नवे उमेदवार घेतले. त्यांत सुमारे दोनशे कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन तरुण होते. इतर ठिकाणी मात्र हे सुखासुखी झाले नाही. १९६३ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथे बांधकामांच्या फाटकांपुढे निदर्शने झाली. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने उमेदवारीतील भेदभाव बेकायदा ठरवला. स्त्रियांना घेण्यासंबंधीचे सरकारी नियम तर १९७८ मध्ये आले, आणि आजही शंभर वीज कारागिरांत स्त्रिया मोजक्याच आढळतात. कायद्याने कुलूप निघते, पण दार ढकलणारा हात बाहेरचाच असावा लागतो.

आपल्या देशात उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि कारखान्यांतून हजारो वायरमन आणि इलेक्ट्रिशियन शिकून बाहेर पडले आहेत, आणि त्यांचे काम आपण रोज वापरतो. तथापि त्या कायद्यात एक भेद स्पष्ट केलेला आहे : उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. अमेरिकेतील व्यवस्थेत तो पहिल्या दिवसापासून दोन्ही असतो. शिकवण्याच्या कामात कामगार संघाचा वाटा मालकाइतकाच असल्यामुळे तेथे काय शिकवावे, किती काळ शिकवावे आणि शिकताना किती वेतन द्यावे, हे ठरवताना खांबावर चढणाऱ्याचा आवाज ऐकावाच लागतो.

या इतिहासापासून घेण्याचा बोध माझ्या मते असा. धोक्याच्या धंद्याचे शिक्षण केवळ मालकाच्या सोयीवर सोडता येत नाही, कारण स्वस्त माणूस त्याला नेहमीच खुणावत राहतो. ते केवळ कामगारांच्या संघावरही सोडता येत नाही, कारण आतल्यांची कड घेताना बाहेरच्यांचा विसर पडणे हा माणसाचा स्वभाव आहे. दोघांनी मिळून शिकवावे आणि प्रवेशाच्या दारावर समाजाने लक्ष ठेवावे, या निष्कर्षाला पोचण्यास अमेरिकेला पाऊणशे वर्षे लागली आणि त्यासाठी पुष्कळ प्राण खर्ची पडले. आपल्या गावात पावसाळ्याच्या रात्री वीज जाते आणि कोणी तरुण कंदील घेऊन खांबावर चढतो, तेव्हा वीज केव्हा येणार एवढेच आपण विचारतो. त्याला हे काम कोणी शिकवले, किती काळ शिकवले आणि खाली त्याच्या सोबतीला कोण उभे आहे, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे.